होडीच्या डाव्या बाजूविषयी

तीर्थस्वरूप मामांना,
आणि त्यांना हे पत्र वाचून दाखवणाऱ्या मामींना,

भाच्याचा दोघांनाही वाकून नमस्कार. (मामी, यातला तुमच्या वाट्याचा नमस्कार नेहमीप्रमाणे मनातल्या मनात वाचून पुढे जाऊ नका, मोठ्याने वाचा.) मामांचा गुडघा कसा आहे? तुमच्या मागच्या पत्रात ‘गुडघा बरा’ एवढे दोनच शब्द होते. त्यावरून डावा बरा की उजवा बरा, की दोन्ही मिळून सरासरीने बरे, काही कळत नाही. ताईच्या घरच्या तेरा पायऱ्या आता उभ्याने उतरता येतात का, की अजून बसून बसूनच? इकडे आम्ही सगळे मजेत आहोत. दुकान ठीक चाललं आहे. बायकोची तब्येत उत्तम, तिच्या केसांत आणि डाव्या कानात गेलेली पॉलिशची पेस्टही आता निघाली. ती कशी गेली ते ओघाने येईलच.

मी पाठवलेला तिसरा चष्माही हरवल्याचं कळलं. मामा, मला चष्म्याच्या धंद्यात बावीस वर्षं झाली, पण इतक्या नियमाने चष्मे हरवणारं गिऱ्हाईक मी दुसरं पाहिलं नाही. पहिला बागेतल्या बाकावर राहिला, दुसरा रद्दीत गेला, तिसरा कसा गेला ते मामींनी लिहिलेलं नाही. ताई सांगत होती की तुम्ही पेपरातलं शब्दकोडं रोज एकटे बसून सोडवता. शब्दकोड्याची घरं पत्रातल्या अक्षरांपेक्षा लहान असतात. पण मी काही विचारत नाही, माझं काम चष्मे बनवायचं.

आज पत्र लिहायला बसलो आहे तो आनंदाने हात थरथरत असताना. (थरथरण्याचं दुसरं कारण म्हणजे मशीन. ते दिवसभर चालवलं की जेवताना चमचा आपोआप हलतो आणि ताटातलं सगळं आपलं आपण कालवलं जातं.) पण आधी मुद्दा नीट मांडतो, म्हणजे मामींना मधलं काही गाळायला वाव राहणार नाही. आठ महिन्यांपूर्वी ऑपरेशनसाठी तुम्ही दोघं ताईकडे गेलात आणि होडी बंदरावरच्या शेडमध्ये माझ्या भरवशावर राहिली. महिन्यापूर्वी मामींचं पत्र आलं: ‘यांचं म्हणणं, होडी आता नको. नीट पॉलिश कर आणि विकून टाक. गुडघा बरा. शेडचं छप्पर गळत नाही ना?’ मी खात्री करायला फोन केला, तर मामा, तुम्ही म्हणालात, “तुझी मामी म्हणते, आता कशाला ठेवायची. विकून टाक. बरं, ठेवतो.” आणि फोन ठेवलात. म्हणजे पत्रात मामांचं म्हणणं आणि फोनवर मामींचं म्हणणं. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता, पण पडला नाही, कारण तुमच्या घरात लहानपणापासून मी हेच ऐकत आलो आहे. ‘मला वाटतं’ हे दोन शब्द त्या घरात कोणी उच्चारल्याचं मला आठवत नाही. मामांना चहात साखर जास्त हवी असली की ‘तिचं म्हणणं आज जरा गोड करावा’, आणि मामींना डुलकी काढायची असली की ‘हे म्हणतात दमलीस, पड जरा’. मामा तर तेव्हा बाहेर गेलेले असायचे.

गिऱ्हाईक लगेच मिळालं. माझ्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर दातांचे डॉक्टर बसतात, त्यांना होडीची फार हौस. (माझ्या दुकानात येऊन ते माझ्या दातांकडे बघतात आणि मी त्यांच्या चष्म्याकडे, त्यामुळे आमचं जमतं.) ते येत्या रविवारी सकाळी दहाला होडी बघायला येणार आणि पसंत पडली तर त्याच दिवशी घेऊन जाणार. आज बुधवार आहे.

तर मशीन. मामा, तुम्ही ती होडी आयुष्यभर फडक्याने आणि मनगटाने चोळत आलात, पण आता जग कुठल्या कुठे गेलं आहे. हार्डवेअरच्या दुकानात पॉलिश मशीनचं अख्खं कपाट आहे. दुकानदाराने माझ्यापुढे तीन ठेवली. पहिलं बॅटरीवर चालणारं, हलकंफुलकं, गाडीच्या आरशापुरतं. दुसरं गोल फिरता फिरता जागच्या जागी डुलणारं. तिसरं नुसतं गोल फिरणारं, मिनिटाला तीन हजार फेरे, वजन तीन किलो, आणि बटण दाबल्याबरोबर असा आवाज की समोरच्या पायरीवर झोपलेला कुत्रा उठून दुसऱ्या गल्लीत गेला. माझा जीव तिसऱ्यावर जडला. दुकानदाराचं मत पडलं की नवख्याने दुसरं घ्यावं, ते डुलत असल्यामुळे चुकून एका जागी रेंगाळलं तरी रंग जळत नाही, तिसरं सरावाच्या माणसाचं काम. ‘नवखा’ हा शब्द मला झोंबला. मी त्याला ऐकवलं की मी बावीस वर्षं काचा घासतो, केसाच्या दहाव्या भागाएवढा फरक मला बोटाला कळतो. तो शांतपणे म्हणाला, “तिथे यंत्र टेबलावर पक्कं बसवलेलं असतं. इथे ते तुमच्या हातात असेल.” मी तिसरंच घेतलं. त्याबरोबर मशीनच्या तोंडाला बसवायच्या लोकरीच्या दोन गाद्या, फोमच्या दोन, घासायच्या पेस्टचा डबा आणि मेणाचा डबा. मशीन पेटीत घालून घरी आणताना मी रस्त्याने इतका हसत होतो की दोन ओळखीच्यांनी काय झालं म्हणून विचारलं.

(मामी, आता एक गोष्ट शांतपणे ऐका, म्हणजे वाचा. नंतर मला ताईकडून कळलं की मामांनी त्या पत्रात पॉलिशबद्दल मोजून अकरा सूचना सांगितल्या होत्या. मशीन कोणतं घ्यावं, दुकानात ते हात लांब करून शंभर आकडे मोजेपर्यंत धरून बघावं, उन्हात मेण लावू नये, एका वेळी हातभरच जागा घ्यावी, असं बरंच. तुम्ही त्या अकरांचा ‘नीट’ असा एकच शब्द केलात. तुमचं म्हणणं, ‘एवढं कशाला लिहायचं, त्याला कळतं.’ माझ्यावरच्या विश्वासाबद्दल मी आभारी आहे. पुढे जे घडलं ते त्या विश्वासामुळे.)

शेडवर नेण्याआधी घरी हात बसवावा म्हणून मी स्वयंपाकघरात फ्रिजचं दार निवडलं. पांढरं, गुळगुळीत, सरळ उभं, होडीच्या अंगासारखंच. गादीला पेस्ट लावली आणि मशीन हवेतच सुरू केलं. गादी आधी टेकवायची आणि मग बटण दाबायचं, ही मामांची सातवी सूचना होती असं आता समजतं. गादीवरची सगळी पेस्ट एका क्षणात चारी दिशांना गेली. भिंतीवर, पंख्याच्या पात्यांवर, टांगलेल्या झाऱ्यावर, आणि मागे उभं राहून ‘दाराबाहेर जाऊन करा’ म्हणणाऱ्या बायकोवर. तिचं वाक्य अर्धंच राहिलं. तिने तोंड पुसून ते पूर्ण केलं तेव्हा त्यात मूळचे शब्द थोडेच होते. पण मामा, त्या गडबडीत मी गादी टेकवली आणि फ्रिजच्या दारावर ताटाएवढी एक जागा अशी चमकली की तिच्यात माझा चेहरा, चेहऱ्यावरची पेस्ट आणि मागची बायको सगळं स्वच्छ दिसत होतं. त्यामुळे अडचण अशी झाली की तेवढा गोल सोडून बाकीचा फ्रिज आजवर कोणी पुसलाच नाही असा दिसू लागला. बायकोने तो सगळा माझ्याकडून करून घेतला. नंतर फ्रिजपुढे कपाट मळकं दिसायला लागलं, म्हणून कपाट. मी दोन दिवसांत होडीपर्यंत पोचलोच नाही.

तिसऱ्या दिवशी शेडवर गेलो. तुमचा जुना रंगारी अजून तिथेच आहे. उलट्या बादलीवर बसतो आणि दिवसाला चार वाक्यं बोलतो. होडी बघून मला वाईट वाटलं. निळा रंग उडून पांढुरका झाला होता, बोट फिरवलं की बोटाला खडूसारखी भुकटी. आधी आतलं सामान काढून ठेवलं. आसनाखालच्या पेटीत दोन कप मिळाले. एकाचा दांडा झिजलेला आणि काठाचा टवका उडालेला. दुसऱ्याच्या बुडाला अजून दुकानाची चिठ्ठी तशीच चिकटलेली. तेव्हा मी ते नुसते बाजूला ठेवले.

उजव्या बाजूपासून सुरुवात केली. वायर खांद्यावरून पाठीमागे टाकायची असते हे मला ती एकदा मशीनभोवती आणि एकदा माझ्या पायांभोवती गुंडाळली गेल्यावर सुचलं. पण काय सांगू, लोकरीची गादी फिरली आणि त्या खडूखालून निळा रंग वर आला, जसा पाटी पुसल्यावर काळा येतो. मी मोठ्याने हसलो. अर्धा दिवस मी तसाच घासत सुटलो होतो, जेवायचं विसरून. दुपारी पूर्ण बाजू झाली, तेव्हा उत्साहाच्या भरात होडीचा गाडा शेडबाहेर ढकलत नेला (मदतीला चार माणसं बोलावून) आणि उन्हात, उजेड चांगला म्हणून, टोकापासून टोकापर्यंत एका दमात सगळीकडे मेण लावलं. मग मागे होऊन कौतुकाने बघत बसलो. मेण तेवढ्यात वाळून दगड झालं. फडकं लावलं तर फडकंच झिजायला लागलं. मशीन लावलं तर रेघा उठल्या. ती बाजू ढगाळ झाली, त्यापेक्षा आधीची खडूची बरी होती. रंगाऱ्याने बादलीवरूनच पाहिलं आणि दिवसातलं पहिलं वाक्य खर्च केलं, “त्याच्यावरच परत मेण लावा.” मला वाटलं चेष्टा करतो आहे. पण खरंच, ताजं मेण लावलं की खालचं वाळलेलं मऊ पडतं आणि लगेच पुसलं की दोन्ही निघतात. मात्र हातभर जागेचं लावायचं, हातभर पुसायचं. त्याला दोन दिवस गेले. सोमवारी संध्याकाळी उजवी बाजू अशी झाली की बाजूने चालणाऱ्या मांजराने तिच्यात स्वतःला पाहून पाठ वाकवली.

आता मी तयार झालो होतो. (बायकोच्या मते माणूस सर्वांत धोकादायक असतो तो तयार झाल्यावर.) मंगळवारी सकाळी डावी बाजू घेतली. मागून पुढे सरसर येत होतो, गादी सपाट, हात सतत फिरता, वेग कमी, सगळं कसं अकरा सूचनांप्रमाणे. पुढच्या टोकाजवळ आलो आणि अडलो. तिथे साधारण दोन हात लांब आणि वीतभर रुंद असा एक चौकोन होता, त्याला काही केल्या चमकच येईना. आजूबाजूचं निळं काचेसारखं आणि हा चौकोन मठ्ठ. मला राग आला. शेडमधला एकूण एक इंच माझ्यापुढे नमला होता आणि हा वीतभर तुकडा मला जुमानत नव्हता. मी मशीनचा वेग तीन हजारांवर नेला. रंगारी बादलीवरून “अहो” म्हणाला, पण एकच शब्द असल्यामुळे मी तो मोजला नाही. जवळून बघावं म्हणून वाकलो, तर गळ्यातली चष्म्याची दोरी गादीत सापडली. क्षणात चष्मा नाकावरून गेला, मशीनभोवती दोन फेऱ्या मारून शेडच्या कोपऱ्यात पडला. त्याच्या दोन्ही काचा मी स्वतः घासलेल्या होत्या. चाळिशी लागल्यापासून मला जवळचं सगळं धुरकट दिसतं. तरी मी हट्टाने तसाच चालू राहिलो, चाचपडत, अंदाजाने.

आणि मग त्या धुरकटात एक पांढरी रेघ दिसली. मामा, दुकानदाराने शेवटचं बजावलं होतं की पांढरं दिसलं की संपलं, रंग जळून खालचा थर उघडा पडला असं समजा. मी झटकन गादी बाजूला नेली, तर तिथेही पांढरं. बाजूला नेली, तिथेही. आडवी सरळ रेघ, चांगली हातभर. म्हटलं, झालं. रविवारी डॉक्टर येणार, त्यांना मी काय दाखवू? मामांना काय तोंड दाखवू? मशीन बंद करून मी खाली बसलो. तेवढ्यात रंगारी बादलीवरून उठला. चार दिवसांत मी त्याला पहिल्यांदा उभं पाहिलं. तो म्हणाला, “जवळून काय बघताय. मागे या.”

आयुष्यभर मी लोकांना लांब बसवून विचारत आलो की वरची ओळ वाचता येते का. आता मीच दहा पावलं मागे गेलो. ती आडवी रेघ म्हणजे शिरोरेषा होती. तिच्याखाली अक्षरं होती. पांढऱ्या रंगात, हाताने लिहिलेली, शेवटच्या अक्षराची वेलांटी उरलेल्या जागेत जरा जास्तच लांब ओढलेली. निळ्याच्या एका पातळ थराखाली ती बावीस वर्षं झाकलेली होती आणि माझ्या मशीनने तो थर खाल्ला. म्हणून तो चौकोन चमकत नव्हता, तो होडीचा मूळचा थरच नव्हता, नंतर वरून लावलेला निळा होता. मामी, ते तुमचं नाव आहे. चारचौघांतलं नाही. घरात कोणी नसताना मामा ज्या नावाने हाक मारतात ते. मी ते एकदाच ऐकलं आहे, पाहुणे गेले समजून त्यांनी हाक मारली आणि मी मोरीत हात धूत होतो. ते इथे लिहीत नाही, कारण पत्र मोठ्याने वाचलं जातं आहे आणि ताई घरात असेल.

(मामी, थांबलात का? पाणी प्या. मामा, तुम्ही खिडकीबाहेर बघताय हे मला इथून दिसतं.)

बिननावाची होडी म्हणून सगळं बंदर तिला ओळखतं. ‘नाव कशाला द्यायचं, हाक मारली तर येणार आहे का?’ हे मामांचं उत्तर मी स्वतः लोकांना हसत हसत सांगत आलो. आणि मामी तिला सवत म्हणत आल्या, दर रविवारी मामा तिकडे जातात म्हणून, आणि बावीस वर्षांत त्यांनी तिच्यात एकदाही पाऊल टाकलं नाही. मी रंगाऱ्याला विचारलं, हे काय आहे? त्याने आठवड्याभराची वाक्यं एकदम काढली. “त्यांनीच लिहिलं. तीन दिवस लागले. मला ब्रश लावू दिला नाही. पाण्यात सोडायच्या दिवशी सकाळपासून नावापुढे पाठ करून उभे होते, आधी कोणाला दिसू नये म्हणून. बाई आल्या की बाजूला होणार होते. दुपारी भरती उतरायला लागली तेव्हा मला म्हणाले, निळा उरलाय का. मी म्हटलं, उरलाय.” एवढं बोलून तो परत बादलीवर जाऊन बसला.

तर होडीची हकिकत अशी आहे. उजवी बाजू झाली, मागची बाजू झाली, डावी बाजू त्या चौकोनाखेरीज झाली. मशीन उत्तम आहे, दुकानदाराचं ऐकायला हवं होतं, पण ऐकलं असतं तर डुलणाऱ्या मशीनने तो थर कधीच निघाला नसता, तेव्हा न ऐकल्याचा मला पश्चात्ताप होत नाही. छप्पर गळत नाही. मामी, तुमच्या आठही पत्रांत शेवटी हाच प्रश्न आहे आणि त्या छपराखाली त्या होडीशिवाय तुमचं दुसरं काहीही नाही, हे मला काल लक्षात आलं.

ताईला आणि घरातल्या सगळ्यांना आठवण सांगावी. गुडघ्यावर फार भार देऊ नये, आणि हे पत्र घडी घालून कुठेतरी हरवू नये.

तुमचा,
घासूनपुसून स्वच्छ झालेला भाचा

ता. क. फ्रिज आणि कपाट यांच्यानंतर आता बायकोची नजर कपड्यांच्या आलमारीवर आहे. मशीन काही दिवस तुमच्याकडे पाठवू का?

ता. क. २. डॉक्टरांना मी काही सांगितलेलं नाही. मशीन तयार आहे. त्या चौकोनावरून आणखी एकदा हात फिरवला की नाव गेलं, वरून निळा लावला की होडी विकायला मोकळी. दहा मिनिटांचं काम आहे, पण तुमच्या उत्तराशिवाय मी करणार नाही. उत्तर शनिवारपर्यंत फोनवर द्यावं, दोघांनी वेगवेगळं, आणि त्यात ‘हे म्हणतात’ किंवा ‘ती म्हणते’ चालणार नाही. ज्याचं त्याने बोलावं.

ता. क. ३. मामा, चौथा चष्मा बनवून तयार आहे. पाठवत नाही. तुम्हाला तो नको आहे हे मला आता कळलं.

ता. क. ४. हे फक्त मामींना, पण मोठ्याने वाचलं तरी चालेल. निरोप गाळता म्हणून मी वर तुमची चेष्टा केली, ती मागे घेतो. गाळायची सुरुवात मीच केली. होडी पाण्यात सोडायच्या दिवशी मामांनी सकाळी मला सायकलवरून तुमच्याकडे पाठवलं होतं. त्याच दिवशी माझं दुकान उघडत होतं आणि मला घाई होती. मी फाटकातूनच, सायकलवरून न उतरता ओरडलो, “मामी, मामा म्हणतात, यायचं असलं तर या,” आणि तसाच दुकानात गेलो, उत्तर घेऊन परत जायचं होतं तेही गेलो नाही. तुम्ही दारात आला होतात. तुमच्या पायांत चपला होत्या. मला त्या दिसल्या होत्या, आणि काल रंगाऱ्याचं ऐकेपर्यंत त्या का होत्या असा प्रश्न मला एकदाही पडला नाही. मला माफ करा. मामांनी दिलेला निरोप इतका लहान नव्हता. तो आज पोचवतो, एकही शब्द न गाळता: “तिला म्हणावं, हातातलं टाकून ये. मी होडीच्या पुढच्या टोकापाशी उभा आहे, तू आल्याशिवाय हलणार नाही.”